साध्या पाण्याची रांग

पनवेलचा विमानतळ आधी सुरू होईल की माझी पीएचडी आधी पुरी होईल, यावर आमच्या स्टाफरूममध्ये वडापावची पैज लागली होती. विमानतळ जिंकला. विमानं डोक्यावरून घरघरत जायला लागली आणि मी आपली कॉलेजच्या गच्चीवर, हिरव्या जाळीच्या शेडमध्ये, टोमॅटोच्या कुंड्या मोजत उभी. ज्या दोघांनी माझ्या बाजूने पैज लावली होती ते पुढे महिनाभर माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यांचे वडापाव खाल्ले.

आठ वर्षं झाली होती. माझा विषय सांगितला की माणसं जांभई कशी गिळतात, हे मी या आठ वर्षांत फार बारकाईने पाहिलं. विषय असा, की झाडाला बुरशी लागते तेव्हा त्याच्यातली संरक्षणाची जनुकं कशी जागी होतात. नवरा म्हणायचा, "छान." एवढंच. नणंदेने मात्र एकदा विचारलं, "म्हणजे झाडांना लस टोचता का गं वहिनी?" नणंदेच्या आयुष्यातलं हे पहिलं शास्त्रीय वाक्य, आणि ते जवळजवळ बरोबर होतं, याचा मला अजून राग आहे.

कारण झाडाचं असंच असतं. त्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, डॉक्टरकडे जाऊन दोन तास बसता येत नाही. बुरशीचा एक बारीक कण ओल्या पानावर येऊन पडतो, त्याला कोंब फुटतो, तो पानात घुसायला लागतो. पानाच्या पेशींच्या दारात पहारेकरी असतात, ते बुरशीच्या सालपटाचा तुकडा हाताला लागताच ओळखतात की हा पाहुणा नव्हे. मग आत निरोप जातो. इतके दिवस घोरत पडलेली जनुकं उठतात आणि कामाला लागतात. बुरशीची भिंत कातरणारे पदार्थ तयार होतात. जिथे शत्रू घुसला तिथल्या आसपासच्या पेशी स्वतः मरून त्याची वाट अडवतात. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे, ज्या पानांनी बुरशी अजून पाहिलेलीही नाही, त्यांनाही वर्दी पोचते आणि तीसुद्धा तयारीत राहतात. ही वर्दी पोचवण्यात एका आम्लाचा मोठा हात असतो. आपण डोकं दुखलं की जी गोळी घेतो तिचं हे सख्खं भावंड. ते बाहेरून फवारलं तर झाड समजतं की रोग आलाच, आणि रोग यायच्या आधीच कंबर कसून बसतं. आमच्या कॉलेजात एवढी तयारी फक्त मूल्यांकन समिती यायच्या आधी होते.

मूल्यांकन समितीवरून आठवलं. जनुकं जागी झाली की नाही हे मोजायचं एक यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे. समिती यायच्या आदल्या महिन्यात ते घेतलं. समितीने ते पाहिलं, मान डोलावली, आणि निघून गेली. त्यात घालायची रसायनं घ्यायचं कुणालाच सुचलं नाही, त्यामुळे ते यंत्र आजतागायत सुरू झालेलं नाही. दर खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालतात आणि पेढा ठेवतात. एवढं लाडाचं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. मला मात्र पानं बर्फाच्या डब्यात घालून मुंबईच्या लॅबला पाठवावी लागायची, तीही पदरमोड करून.

त्या डिसेंबरात विद्यापीठाचं पत्र आलं. यापुढे मुदतवाढ नाही. मार्च संपायच्या आत प्रबंध सादर झाला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे आठ वर्षं पाण्यात, बढती पाण्यात, आणि स्टाफरूममधले चेहरे तसेच कोरडे. मी घाबरले. आयुष्यात मी नवऱ्याला, सासूला, प्राचार्यांना कुणालाच घाबरले नाही, पण त्या पत्राला घाबरले.

शेवटचा एकच प्रयोग राहिला होता. चाळीस कुंड्या, दोन रांगा. पहिल्या रांगेतल्या वीस रोपांवर एक दिवसाआड औषध, म्हणजे ते आम्ल, फवारायचं. दुसऱ्या रांगेतल्या वीस रोपांवर नुसतं साधं पाणी. दोन आठवड्यांनी सगळ्यांवर करप्याची बुरशी सोडायची. पहिली रांग टिकायला हवी, दुसरी करपायला हवी. दोन रांगांमधला फरक हाच माझा प्रबंध. दुसऱ्या रांगेने आजारी पडणं हे माझं सगळं भांडवल होतं. दुसऱ्याच्या आजारपणावर जगणारे लोक पनवेलमध्ये पुष्कळ आहेत, दर गल्लीत एक पाटी आहे, पण त्या बाबतीत मी त्यांच्याही पुढे गेले होते.

फवारणीचं काम मी मामांकडे दिलं. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आगरी माणूस. त्यांचं गाव विमानतळाच्या पोटात गेलं आणि ते सगळे नव्या वसाहतीत राहायला आले. गाव गेलं पण पंगती गेल्या नाहीत. हळद असो, लग्न असो, तेराव्याचं जेवण असो, वाढायला मामा पुढे. एका हातात बादली, एका हातात पळी, आणि तीनशे माणसांच्या पंगतीत कुणाच्या पानात काय कमी आहे हे न विचारता कळतं त्यांना. त्यांच्या वसाहतीत या माणसाला मान आहे. कॉलेजात त्यांना चहा आणायला पाठवतात.

आता मी स्वतः का नाही फवारलं? कारण मला वेळ नव्हता. समिती पुन्हा यायची होती आणि "महाविद्यालयातील संशोधन संस्कृती" या नावाची फाईल भरायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर टाकलं होतं. संशोधन संस्कृतीबद्दल पानंच्या पानं लिहिण्यात माझ्या संशोधनाला वेळ उरला नाही. मी मामांना दोन कॅन दाखवले. निळा पहिल्या रांगेला, पांढरा दुसऱ्या रांगेला. त्यात काय समजावून सांगायचं, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाला हे असं वाटतं.

दोन आठवड्यांनी मी दोन्ही रांगांतली पानं खुडून मुंबईला पाठवली आणि सगळ्या रोपांवर बुरशीचं पाणी मारलं. ओल टिकावी म्हणून वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. पाच-सहा दिवसांत दुसऱ्या रांगेवर तपकिरी डाग दिसायला हवे होते, गोलात गोल असलेले.

सहाव्या दिवशी गेले. काही नाही. आठव्या दिवशी गेले. दोन्ही रांगा हिरव्यागार. दहाव्या दिवशी तर दुसऱ्या रांगेत तीन रोपांना फुलं आलेली. लोक आपलं झाड जगावं म्हणून देव पाण्यात ठेवतात, आणि मी भर दुपारी गच्चीवर एकेक पान उलटून बघत होते, कुठे तरी करप रे बाबा. एकाने ऐकलं नाही.

प्राचार्य वर आले नाहीत, तीन जिने आहेत. खालूनच फोनवर म्हणाले, "मॅडम, तळोज्याच्या हवेने तुमची बुरशीच मेली असेल." तळोज्याच्या कारखान्यांकडचा वारा आला की आमच्या वर्गांच्या खिडक्या लावाव्या लागतात हे खरं आहे, पण त्याने बुरशी मरत असती तर आमच्या ग्रंथालयातली पुस्तकं अशी हिरवी झाली नसती.

मग माझं लक्ष कॅनकडे गेलं. दोन्ही कॅनमधलं पाणी सारखंच राहिलं होतं. पांढऱ्या कॅनमधलं थोडं बोटावर घेतलं तर चव किंचित तुरट-आंबट. मी मामांना बोलावलं.

"मामा, या दुसऱ्या रांगेला काय दिलंत?"

"औषद," ते म्हणाले. "दोनी रांगांना दिलं."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. मी काय केलं, दोनी क्यान एका बालदीत वतलं, हलवलं, परत दोनी क्यानात भरलं, आन सारखं वाटून दिलं. कोनला कमी नाय, कोनला जास्ती नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, त्यांना साधं पाणी द्यायचं म्हणून?"

"सांगलेलंत. मला वाटलं औषद कमी हाय, म्हनून तुमी अर्ध्यांनाच देताव." मग लहान मुलाला सांगावं तसं ते मला म्हणाले, "म्याडम, पंगतीत एकाच्या पानात मटन वाडायचं आन बाजूच्याला निस्तं पानी पाजायचं, असं आमच्याकडं करत नाय. कमी असंल तर रस्सा वाडवायचा. पन वाडायचा सगल्यांना."

पंक्तिप्रपंच. मी आठ वर्षं राबले, परदेशी जर्नलांमधले शंभर निबंध वाचले, आणि कुणाही शास्त्रज्ञाने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं की रोपांची रांग लावताना वाढणारा माणूस पंक्तिप्रपंच न करणारा आहे का, ते आधी तपासा.

"मामा, तुम्ही माझ्या आठ वर्षांची वाट लावलीत," मी म्हणाले. मी बरंच काही म्हणाले. खाली पहिल्या मजल्यावरच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली. मामा सगळं ऐकून घेत होते. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "झाडं तर बरी हायत."

रागाच्या भरात मी एक काम शहाणपणाचं केलं. नळाशेजारी एक जास्तीचं रोप पडलं होतं. त्याला कुणीच औषध दिलं नव्हतं, मामांच्याही नजरेतून सुटलेलं. त्याच्यावर उरलेलं बुरशीचं पाणी मारलं, पिशवी बांधली. पाचव्या दिवशी त्याच्या पानांवर गोलात गोल तपकिरी डाग आले, पुस्तकातल्या चित्रासारखे. म्हणजे बुरशी जिवंत होती. त्याच आठवड्यात मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट आला. दोन्ही रांगांत जनुकं जागी. टक्क जागी. म्हणजे निम्म्या औषधावरही झाडं तेवढीच सावध झाली होती. मी ठरवलेलं माप गरजेच्या दुप्पट होतं आणि ते मामांनी एका बादलीत सिद्ध केलं होतं.

खरं सांगते, तो रिपोर्ट वाचून मला दोन मिनिटं आनंद झाला. आठ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवं कळलं होतं. मी लगेच माझ्या गाईडना फोन लावून सगळं सांगितलं. गाईड माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत आणि मला मॅडम म्हणतात.

"एका रोपावर पीएचडी मिळत नाही, मॅडम," ते म्हणाले. "वीस हवीत. पुन्हा करा."

"सर, पुन्हा करायला दोन महिने लागतील. मार्च संपेल."

ते अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, मला सांगा, औषध दिलं नसतं तर दुसरी रांग करपली असती की नाही?"

"करपली असती."

"मग तेच लिहायचं. आपण खोटं कुठे लिहितोय? आपण फक्त मामांची चूक दुरुस्त करतोय. आणि दुसऱ्या रांगेचा तो लॅबचा रिपोर्ट जोडू नका."

मी फोन ठेवला आणि चार दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून आकडे भरायला बसले. कुणी डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. आठ वर्षं मोजलेले आकडे चुकायचे म्हणून रडले होते. हे न मोजलेले आकडे अर्ध्या तासात जमले. वीसच्या वीस करपली म्हटलं तर संशय येतो, म्हणून मी दोन रोपं वाचवली. अठरा करपली. कुठल्या पानावर किती डाग, कितव्या दिवशी, सगळं भरलं. खोटं खऱ्यासारखं दिसावं म्हणून मध्येच एकदोन आकडे विस्कटून ठेवले. नवरा मागून येऊन बघून गेला आणि म्हणाला, "छान."

फेब्रुवारीत कॉलेजातच विद्यापीठाच्या समितीपुढे माझ्या प्रबंधाचं सादरीकरण झालं. गाईड आले, बाहेरून दोन तज्ज्ञ आले. प्राचार्यांनी हॉलमध्ये नवा पडदा लावून घेतला होता. मी माझी भरजरी नसलेली पण बरी साडी नेसले होते. मामा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते. पडद्यावर माझा तक्ता आला. पहिली रांग हिरवी, दुसरी लाल.

"उपचार न केलेल्या वीसपैकी अठरा रोपांचा दहाव्या दिवशी करप्याने नाश झाला," मी वाचलं. माझा आवाज कापला नाही. याचंच मला नंतर जास्त वाईट वाटलं.

तज्ज्ञांपैकी एक बाई होत्या, बारीक चष्म्याच्या. तेवढ्या एकट्याच नीट ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "रोपं अजून आहेत का? मला बघायला आवडतील."

गच्चीवर त्या रांगेतली वीसच्या वीस रोपं डोलत होती, काहींना लिंबाएवढे टोमॅटो धरले होते. तोंड उघडून खरं सांगायला तेवढा एक क्षण होता, आणि मला वाटतं, त्या बाईंनी ऐकूनही घेतलं असतं. मी गाईडकडे बघितलं. गाईड छताकडे बघत होते. तेवढ्यात प्राचार्य उठले. "मॅडम, वर तीन जिने आहेत आणि इथे बटाटेवडे गार होताहेत." सगळे हसले. बाईंनी घड्याळ पाहिलं, त्यांना लवकर निघायचं होतं. वडे गरम होते हे मी शपथेवर सांगू शकते, मी दोन खाल्ले. त्या दिवशी तपासायला कुणी गच्ची चढलं नाही. आठ वर्षांच्या माझ्या संशोधनात आणि सत्यात फक्त तीन जिन्यांचं अंतर होतं आणि ते वड्यांनी राखलं.

प्रबंध मार्च संपायच्या आत गेला. पुढे पदवी मिळाली, केबिनच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर आलं, पैज हरलेल्यांनी मला हार घातला. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या गेल्या आणि मी हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहिले. मामा कप गोळा करत होते. माझ्या खुर्चीपाशी आले आणि थांबले.

"म्याडम, एक इचारू?"

"विचारा."

"तुमी सांगलंत, अठरा झाडं गेली. मी सकाली पानी घातलं तवा वीसच्या वीस हुती." ते हळू आवाजात बोलत होते, कुणी ऐकू नये म्हणून. "आता त्या अठरांना पानी घालायचं का नाय?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा असता तर फार बरं झालं असतं, टोमण्याला उलट उत्तर द्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही. पण नव्हता. माणूस काम विचारत होता. मॅडमनी एवढ्या मोठ्या लोकांसमोर झाडं मेली म्हणून सांगितलं आहे, तर मॅडमच्या शब्दाला बाधा येऊ नये म्हणून आता ती मारायची आहेत की ठेवायची आहेत, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी त्या रात्रीपासून पाणी बंद केलं असतं.

मला लाज वाटली. इतकी, की कान गरम झाले.

"घाला, मामा," मी म्हणाले. "वीसच्या वीसांना घाला."

दिवसभरात मी खरं बोलले ते एवढंच. मामा "बरं" म्हणाले, कप मोरीत ठेवले आणि बालदी भरून जिने चढायला लागले. वरून त्यांनी हाक मारली, "म्याडम, येताव का? टोमॅटो लाल व्हाला लागल्यान."

मला काम आहे, असं मी खालूनच सांगितलं आणि घरी गेले.